बी-सात

ओळखपत्र परत घेताना
सिक्युरिटीच्या डिमेलोबाईंनी गळ्यातला पट्टाही मागितला.
त्याची नोंद वेगळी असते म्हणे.
मी सही केली, दोन ठिकाणी.
एकोणीस मजले खाली उतरेपर्यंत
हात छातीवर काहीतरी चाचपत राहिला.

वय सत्तेचाळीस.
सोसायटीत बातमी माझ्याआधी पोचलेली.
वॉचमन रामसमुझ आता जरा हळू आवाजात नमस्कार करतो
आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गुप्त्यांनी
त्यांच्या भाच्याच्या कंपनीत 'शब्द टाकायची' तयारी दाखवली आहे.
काढलं नाही हो, मी सोडली,
असं म्हणताना
काढल्यासारखाच आवाज निघतो.

पहिल्या मंगळवारी दुपारी तीनला
मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा बसलो,
सोफ्याच्या कडेला.
समोरच्या टॉवरच्या काचांवरून उसनं ऊन आलं,
फ्रिजवर चढलं,
इस्त्रीच्या गठ्ठ्यावर थोडा वेळ टेकलं
आणि निघून गेलं.
मी वृंदाला फोन केला. ती शाळेत होती.
म्हटलं, हे ऊन रोज येतं?
ती कुजबुजली, तास चालू आहे.
मग म्हणाली,
अकरा वर्षं येतंय.

खरं म्हणजे मी निघालो तो एका मार्चमध्येच.
कॉल चालू होता, सिंगापूरसकट सगळे हजर,
मी टॉयलेटचं दार लावून, म्यूट होऊन बसलेलो.
पलीकडे कुणीतरी रडत होतं,
तोंडावर हात दाबून रडतात तसं.
मग नाक शिंकरल्याचा आवाज,
आणि तलाटी म्हणाला, 'ऑन ट्रॅक.'
मला ते दोनदा ऐकू आलं:
एकदा पार्टिशनमधून,
एकदा कानातून, अर्धा सेकंद उशिरा.
सगळे म्हणाले, ग्रेट.
मीही म्यूट काढून म्हणालो.

त्या रात्रीपासून एक शीट भरत होतो.
सहा वर्षं, साडेअकरानंतर.
मेंटेनन्स, आईच्या गोळ्या, अन्वयाची फी,
महागाई सहा टक्के.
(वृंदा मागून वाकून म्हणाली, कांदे तू आणतोस का?
मग आठ केली.)
आणि बी-सात.
त्या रकान्यात आपण कितव्या वर्षी मरणार ते लिहायचं.
रिकामा ठेवला तर पुढचा एकही आकडा उमटत नाही.
मी पंच्याऐंशी टाकलं,
कोटेशनमध्ये टाकतात तसं,
अंदाजे, करांसहित.
पैसे अठ्ठ्याऐंशीपर्यंत पुरत होते.
तीन वर्षं गाठीला!
त्या रात्री मला गाढ झोप लागली.

काल शीट उघडली तर खालच्या चार ओळी लाल.
सगळी सूत्रं तपासली. चूक नव्हती.
बी-सातमध्ये कुणीतरी
ब्याण्णव केलं होतं.

वृंदा गवार मोडत होती.
वर न बघता म्हणाली,
तुझ्या तिन्ही आत्या नव्वदी ओलांडून गेल्या,
धाकटी तर भांडता भांडता गेली.
म्हटलं, अगं पण शेवटची चार वर्षं खायचं काय?
'मी शिकवण्या घेईन.'
नव्वदाव्या वर्षी?
'तू पंच्याऐंशीला जाणार हे मला न विचारता ठरवलंस,
तेव्हा मी काही बोलले?'
आणि अर्धी गवार माझ्यासमोर ओतली.

गवारीला शिरा असतात,
त्या दोन्ही टोकांनी ओढून काढायच्या असतात,
हे मला माहीत नव्हतं.
पहिल्या दहा-बारा शेंगांचा चुरा झाला.
मग जमायला लागलं.
बाहेर इडलीवाला भोंगा वाजवत
शेजारच्या गल्लीत वळला.
मांडीवरचं ताट अर्धं भरलं असेल नसेल,
तोच खिशात फोन थरथरला.
मी हात पुसून खिशात घातला.

फोन तर आत चार्जिंगला होता.
वृंदानं पाहिलं.
काही बोलली नाही,
आणखी मूठभर शेंगा माझ्याकडे सरकवल्या.