बाहीतलं पातं

मनगट नुसतं मागं वाकवायचं.
बाहीतून चार बोटं पातं बाहेर येतं,
पहारेकऱ्याच्या मानेत जातं, परत बाहीत.
आवाज एवढाच, खट्.
तोही हेडफोन लावला तर.

पडद्यावर मी छपरांवरून चालतो,
सावली बघून पाय टाकतो,
आणि खाली, पापाच्या तिकटीला,
आज्जा पायानं चाक फिरवत असतो.
बाबालाल शिकलगार. कात्री, सुरी, विळी, अडकित्ता.
ठिणग्या उडवत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

एकदा जेवून उठताना माझ्यामागं थांबला.
तीन पहारेकरी पडताना बघितले.
म्हणाला, "ह्याला धार कोण लावतं?"

लावावी लागत नाही आज्जा, गेम आहे.
"एवढी माणसं मारली आणि धार गेली न्हाई?"
नाही.
"गंज?"
नाही.
"मनगटाला घाम येत असंल की."

मी गेम थांबवला.
पहारेकरी अर्धा पडलेला, हवेत तसाच तिरका राहिला.
आज्जानं चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लावलं.
"स्प्रिंग झकास हाय," म्हणाला,
"पण मूठ न्हाई. बिनमुठीचं हत्यार
आधी मालकालाच चाटतंय."

आमच्या खापरपणज्यानं म्हणे संस्थानच्या तलवारी उजळल्या.
दसऱ्याआधी आठ दिवस घरात कुणाला झोप नसायची.
त्यातली एकही तलवार आमची नव्हती.
आडनाव तेवढं राहिलं,
आणि जुन्या सहाणेचा एक तुकडा,
त्यावर आता आई मोरीत टाचा घासते.

ह्या उन्हाळ्यात आज्जा पुऱ्या बाह्यांचा सदरा घालतोय.
एप्रिलात. मनगटाची बटणं लावून.
मी दोन वर्षं लपायलाच शिकलोय,
त्यामुळं लपवलेलं मला दिसतं.
चहाची बशी तो उचलत नाही, वाकून तोंड बशीपाशी नेतो.
सुटे पैसे गिऱ्हाइकालाच डब्यातून घ्यायला सांगतो.
डावा हात कायम उजव्या मनगटावर,
जसं काही आत काहीतरी आहे
आणि ते अवेळी बाहेर येईल.

परवा हवालदारबाई कात्री परत घेऊन आल्या.
ब्लाऊज शिवतात, गंगावेशीत. वीस वर्षांचं गिऱ्हाईक.
"बाबालालभाई, कापड चावतीया ही."
"दगड बदललाय," आज्जा म्हणाला.
दगड बदललेला नव्हता.

त्या रात्री मी गेम लावला नाही.
जिन्याची चौथी पायरी वाजते, ती सोडली.
चाक फिरवलं तर तो जागा होणार,
म्हणून हातदगड घेतला. तेलाचे तीन थेंब.
पातं कलतं, रेटा आपल्यापासून लांब,
लहानपणी माझी बोटं धरून त्यानं शिकवलं होतं तसा.
तेव्हा त्याची बोटं लोखंडी होती, गरम, आणि गप्प.
सर्र. थांब. सर्र.
मशिदीत अजान झाली तेव्हा कुठं एक कात्री झाली.
बोट दोनदा कापलं.
एवढ्या वेळात मी तिथं अख्खा किल्ला घेतला असता.

सकाळी हवालदारबाईंनी चिंधी कापून बघितली.
टोकापर्यंत गेली, एका दमात.
"बघा, हात तो हातच," म्हणाल्या.

आज्जा काही बोलला नाही.
पैसे डब्यात टाकायला सांगितले.
त्या वळणापलीकडं गेल्यावर माझ्या बोटावरची पट्टी बघितली,
मग चाकावर पाणी शिंपडत,
चाकालाच सांगितल्यासारखं म्हणाला,

"खालचं पातं जास्त खाल्लंय.
उद्या तेल कमी."