हरकत

गिरगावातल्या इस्पितळात मी दुभाषी.
तासाला साडेचारशे, चहा त्यांचा.
आखातातून माणसं येतात: गुडघे, मूतखडे, हृदयाच्या झडपा.
त्यांचं दुखणं मी उजवीकडून डावीकडे वाचते,
डावीकडून उजवीकडे सांगते.

बुधवारी बुसैना आली.
पन्नाशीची, एकटी, गर्भाशयात नारळाएवढी गाठ.
नारळ हा शब्द डॉक्टरांचा.
तिच्या गावात नारळ होत नाहीत,
मी हातांनी दाखवला.

भरतीच्या खिडकीत पालांडेबाई.
मनाने वाईट नाहीत, नियमाने आहेत.
"मिस्टरांची सही?"
मिस्टर नाहीत.
"मग भावाची. मुलाची. कुणीतरी वाली असेलच ना."

हा शब्द मला उलथावा लागला नाही.
इतका वेळ माझ्या तोंडाकडे बघणारी ती
वाली ऐकून थेट खिडकीकडे वळली.
आणि हसली. टाके पडायच्या आधीच
पोट धरून हसली.

सांग हिला, म्हणाली,
मी ब्याऐंशी बायकांच्या सह्या गोळा केल्या होत्या.
मागणं एवढंच, की आमची सही
आमची धरा.
त्याचे चौदा महिने.
तिथे खोलीला खिडकी नव्हती.
इथे खिडकी आहे, आतून प्रश्न तोच येतो.

मी सांगितलं. ब्याऐंशी सांगितलं, चौदा सांगितलं.
शेवटची ओळ गिळली.
महिन्यातून बारा दिवस मला इथेच यायचं असतं.

पालांडेबाईंनी फॉर्म सरकवला.
"ना-हरकत लागतं, मॅडम. वरून आलंय."

इथे मात्र जीभ अडली.
तिच्या भाषेत हरकत म्हणजे हालचाल.
झोपेत बोट हललं, हरकत.
बायका रस्त्यावर उतरल्या, तीही हरकत,
आपण चळवळ म्हणतो ती.
आणि डोंगरीत उस्तानी शिकवायची तीही:
अक्षराच्या डोक्यावरची बारीक तिरकी रेघ.
"हरकत दे गं त्याला," छडी आपटायची,
"नायतर ते बोलेल कसं?"

शब्द आपल्याकडे कधी आला कुणास ठाऊक,
गलबतातून, खजुराच्या पेट्यांत, की दरबारी कागदांत.
येताना वाटेत कुठेतरी
चालणं म्हणजे अडथळा झालं.

मी तिला म्हटलं, ह्या कागदावर
एका पुरुषाने लिहून द्यायचं
की तू हलत नाहीयेस.

तिने विचारलं, तुझ्यासाठी कोण लिहितं?

मागल्या साली ह्याच खिडकीत
मुबीनने केली होती सही, माझ्या ऑपरेशनला.
पेन मीच दिलं होतं, पर्समधलं.
हे मी तिला अरबीत सांगितलं.
मराठीत कधी कुणी विचारलं नव्हतं.

तिने हात पुढे केला. तेच पेन.
'रुग्णाशी नातं' ह्या रकान्यात
तिने स्वतःचं नाव लिहिलं,
मग वर, खाली, एकेका अक्षराला
रेघा देत बसली, लहान मुलीसारखी.
मोठी माणसं त्या कधी देत नाहीत.

मागे टोकन एकशे बारा खाकरलं.
"आणि हे वर काय, माश्या बसल्यासारखं?"

हरकत आहे, मी म्हणाले.

पालांडेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"कुणाची?"