माया सोडून

दुकान एवढंसं. हॅलिफॅक्सच्या उतारावर,
चावीवाला आणि बंद पडलेली बँक यांच्या मध्ये.
नवं काही शिवत नाही मी.
लांब, आखूड, सैल, घट्ट, एवढंच.
लोकांची अंगं बदलतात,
मी कपड्यांची समजूत काढते.

फेब्रुवारीत तीन दिवस भवानीच झाली नाही.
ऋजुता म्हणाली, आई, सूट दे.
म्हटलं, सूटच तर आणत नाही कोणी,
इथली लग्नं उन्हाळ्यात.
तसली सूट नव्हे गं, टक्केवाली!

मग तिने पडद्यावर काढला एक चौकोन,
उंदरांनी कुरतडलेल्या बुद्धिबळाच्या पटासारखा.
फोन समोर धरायचा, वीस टक्के कमी.
छापून आल्यावर मी कडा कापायला कात्री उचलली
तर ओरडलीच: भोवतीचं पांढरं राहू दे!
ते नसलं तर फोनला कळत नाही
कुठे सुरू झालं, कुठे संपलं.

असं सांग ना मग. माया.
सांगलीच्या क्लासात शेंबेकरबाई टेबलावर पट्टी आपटायच्या:
शिवणीत माया सोडा गं मुलींनो,
उद्या उसवायची वेळ आली तर जागा हवी.

चाळीस कागद.
लॉन्ड्रीच्या काचेवर, चर्चच्या फळ्यावर
(पाद्रीणबाईंनी टाचण्या स्वतःच्या दिल्या),
इस्पितळासमोरच्या बसथांब्यावर.

मिस्टर बॅराक्लफ अख्खा कागदच घेऊन आले,
चार घड्या घालून, पाकिटातून.
त्यांचा फोन अजून भिंतीला बांधलेला.
हे कूपन चालतं ना, म्हणाले.
मी कागद दिव्याखाली धरला, डोळे बारीक केले
आणि तोंडानेच 'टिंग' म्हटलं.
बायकोचा कोट होता. खांद्यात उसवून
त्यांच्या मापाचा करायचा होता.
का ते मी विचारलं नाही.
आत दोन बोटं माया निघाली.

ऋजुताच्या फोनवर सगळं उमटतं,
कुठला कागद किती वाजता वाचला गेला.
नाव नाही, फक्त वेळ.
लॉन्ड्री, दुपारी चार. चर्च, रविवारी अकरा.
बसथांबा, रात्री दोन पन्नास.
बसथांबा, पुन्हा, गुरुवारी, तीन दहा.
येत मात्र कोणी नाही.

त्या वेळी बस नसते. दुकान तर नसतंच.
कोण उभं राहत असेल तिथे
वीस टक्के कमी होण्याची वाट बघत?
रात्रपाळीचं कुणी? की वर वॉर्डात कुणाला ठेवून
हवा खायला खाली उतरलेलं,
हाताला काहीतरी हवं म्हणून फोन काढलेलं?
मशीन चालवताना मी त्याला, तिला,
वेगवेगळे कपडे घालून बघते.
एकही बसत नाही.

मार्चअखेर सूट संपली.
पावसाने कागदांचा लगदा झाला.
ऋजुताला म्हटलं, तारीख पुढे ढकल.
धंदा असा नसतो, आई. कुरकुरली, ढकलली.

मी जाड लिननचा तुकडा घेतला, काळा दोरा,
फुलीचा टाका. एकोणतीस घरं आडवी, एकोणतीस उभी.
नऊ रात्री गेल्या. चौदाव्या ओळीत एक फुली चुकली,
उसवणार होते, तेवढ्यात तिने फोन धरला
आणि तो निमूट वाचता झाला.
थोडं चुकलेलं पोटात घालतो तो, म्हणाली.
मी तिच्याकडे बघतच राहिले.

चारी बाजूंनी माया सोडली,
थांब्याशेजारच्या कठड्याला चार कोपरे बांधले.

आज सकाळी जाऊन पाहिलं.
एक कोपरा वाऱ्याने सुटला असावा.
कोणीतरी पुन्हा बांधलाय.
माझी गाठ नव्हे ती. दुहेरी, घट्ट, शेपूट नीट कापलेली.

दुकान उघडलं. चावीवाला आला,
पँटची चेन बिघडलेली. भवानी.
सूट आहे म्हटलं, तर नको म्हणाला,
पूर्ण पैसे ठेवून गेला.