कँडी पार्कर, तबला

हडर्सफील्डला जानेवारीत चार वाजताच अंधारून येतं.
स्टेशनामागे, बंद पडलेल्या लोकरगिरणीच्या तळमजल्यावर
ओलरनशॉचं दुकान.
खोक्यांत उभ्या तबकड्या, ओल्या पुठ्ठ्याचा वास,
हीटरवर वाळत टाकलेले त्याचे हातमोजे.

मी तिथे जातो ते कुणालाच नको असलेल्या संगीतासाठी.
वीस-वीस मिनिटांची गाणी,
ज्यांत गाणारा तेराव्या मिनिटाला उगवतो
आणि लगेच मावळतो.
सर्दी झालेला मेलोट्रॉन.
पुढे विमा विकायला लागलेला बासरीवाला.
कव्हरवर झगे घातलेले चौघे
आणि एक मेंढी, पाचही जण गंभीर.
विरलेली स्वप्नं वगैरे म्हणायचा मोह होतो.
नको. तीनशे प्रती,
त्यातल्या एकशे नव्वद ड्रमरच्या आईच्या गॅरेजात.

ही त्यांतलीच. 'पेनाइन क्लॉकवर्क', साल चौऱ्याहत्तर.
दगडी पूल, वर जांभळा चंद्र,
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत नावं,
सगळ्यांत शेवटी: कँडी पार्कर, तबला.
"लंडनची पोरगी असावी," ओलरनशॉ म्हणाला, "हिप्पी."

मी दोनदा वाचलं. मग ओठ हलवून वाचलं.
कँडी पार्कर.
खांडेपारकर.

कुणी फोनवर नाव सांगितलं असेल,
कुणी ऐकू आलं तसं उतरवून घेतलं असेल.
मी ढवळीकर. गॅसच्या बिलावर डेव्हिल कार.

त्याने सुई टेकवली.
ऑर्गन, मग बास, मग ड्रमरची घाई.
सात मात्रा.
ओलरनशॉ काउंटरवर बोटांनी मोजतो,
एकदोनतीन एकदोन एकदोन,
आणि अंधारात पायरी चुकावी तसा
दर फेरीला किंचित दचकतो.
खालून, पार खालून, कुणीतरी न दचकता
ती ती ना, धी ना, धी ना.
रूपक.
ज्याची सम खालीतच असते,
जोर द्यायचा तिथेच हात उचलून घेणारा ताल.
हे त्या ड्रमरला कुणी सांगितलं नव्हतं.
तो दर समेवर झांज फोडतो
आणि खांडेपारकर दर वेळी जरासा सरकून
त्याला वाट देतो.

कोण होता, कुठे गेला, ओलरनशॉला ठाऊक नाही.
रात्रपाळी संपवून आला असेल, कोटाला लोकर चिकटलेली.
किंवा दातांचा डॉक्टर असेल.

दुसरी बाजू संपली. वाद्यं थांबली,
टेप चालू राहिली.
"आता ऐक," त्याने डोळे मिटले, "हा मंत्र.
मॉरीन आजारी होती तेव्हा रोज रात्री लावायचो.
कळायचं काहीच नाही. पण झोप लागायची तिला."

खरखर.
मग पन्नास वर्षांपलीकडून, समोरच्या चार गोऱ्यांना उद्देशून,
चोख मालवणीत:
"वायच थांबा रे. पायांक मुंग्यो इल्यो."

"काय म्हणतो तो?"
डोळे अजून मिटलेलेच.

मी सांगायला नको होतं कदाचित.
सांगितलं.

तो हसला नाही. सुई उचलली, टोकावरची धूळ फुंकली,
थोडी मागे ठेवली. पुन्हा ऐकलं.
पुन्हा.
मग म्हणाला, "मॉरीनच्याही पायांना यायच्या, शेवटी शेवटी.
मी चोळून द्यायचो."

आधी चार पौंड म्हणाला होता.
आता कव्हर काउंटरखाली सरकवत
विकायची नाही म्हणाला.

लीड्सची गाडी अकरा मिनिटं उशिरा होती.
फलाटावर मी उभ्या उभ्या मोजत राहिलो,
पहिल्या मात्रेला टाळी न देता.