उजवीकडून उजेड

दस्तगीर वायरमन म्हणाला, आधी उभ्या राहा.
नुसत्या उभ्या राहा ओट्याशी, रोजच्यासारख्या.
ओटा अजून यायचा होता. विटांच्या दोन थरांवर
सेंट्रिंगची फळी टाकलेली, तिच्यापुढं मी,
हाताशी सुरी नव्हती म्हणून त्याचाच स्क्रूड्रायव्हर.
मग त्यानं होल्डरचा बल्ब वायरीला धरून
छताच्या मधोमध नेला, सगळ्यांच्या घरी असतो तिथं,
आणि म्हणाला, बघा आता.

फळीवर माझं डोकं पडलं होतं.
डोकं, खांदा, अर्धा अंबाडा,
आणि नेमका जिथं कांदा असतो तिथं अंधार.

एकतीस वर्षं मी माझ्याच सावलीत चिरत आले.
ट्यूब बदलली, चोक बदलला, मग एलईडी आली,
दोनदा चष्म्याचा नंबर बदलला.
भातात खडा लागला की हे म्हणायचे,
लक्ष कुठं असतं तुझं.

ऋतुजानं पुण्याहून नकाशा पाठवलाय:
पीओपीत बारा डाउनलाइट, चाराच्या तीन ओळी.
दस्तगीरनं मोबाइल लांब धरून पाहिला.
काकू, हे साड्यांचं दुकान झालं, म्हणाला,
राजारामपुरीतलं. सहा बास.
ते बी पार ओट्याच्या कडेवर घ्यायचे,
पाठीमागं न्हाई.
आणि खरं काम कपाटाखालच्या पट्टीचं,
ती तुमच्या अन् भाजीच्या मधी कुणाला येऊ देत न्हाई.

तेवढ्यात हे उठले.
सिमेंटच्या पोत्यावर पेपर टाकून बसले होते,
गुजरीत चाळीस वर्षं मांडी घालून बसलेला माणूस,
गुडघे आधी वाजतात, मग माणूस उभा राहतो.
विचारलं नाही, सांगितलं नाही,
दस्तगीरच्या हातातून बल्ब घेतला
आणि खाली आणत राहिले, खाली,
फळीपासून वीतभर आणि वर चार बोटं.
पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरला.

दिवा डोळ्याला दिसता कामा नये, म्हणाले,
कामाला दिसला पाहिजे.
आणि डावीकडून घ्यायचा,
म्हणजे हाताची सावली हातावर येत नाही.

त्यांच्या पेढीतला तो हिरव्या टोपाचा दिवा
मी एकदाच पाहिला होता, डबा द्यायला गेले तेव्हा.
दोरीनं हवा तेवढा खाली येणारा.
त्याखाली ताटाएवढं जग, त्यात साजाचं एक पान,
पानावरची रेघसुद्धा मोजता येईल असं.

म्हणजे यांना माहीत होतं.
राग नाही आला. तेल संपलंय हे जसं कळतं
तसं कळलं फक्त.

मी डावरी आहे, मी म्हटलं.

दस्तगीरनं पक्कड खिशात घातली, परत काढली.
पंगतीत वाढताना उजवा, देवापुढं उजवा,
सहीसुद्धा उजव्यानं शिकवली मास्तरांनी.
सुरी तेवढी डाव्या हातात राहिली.
ती कुणी पाहिली नाही, तिथं अंधारच होता.

हे माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडं बघत राहिले,
नगात चीर आहे की नुसती धूळ, तसे.
मग बल्ब डावीकडून उजवीकडं नेला. हळू.
सावली फळीवरून घसरली आणि खाली वाळूत पडली.

पांढरा का पिवळा, दस्तगीरनं विचारलं.
मी म्हटलं, कांदा गुलाबी कधी आणि लाल कधी
ते कळलं पाहिजे. पांढऱ्यात मटणाचा रस्सासुद्धा
तापातून उठल्यासारखा दिसतो.
पार पिवळाही नको, शिळं ताजं दिसेल.
आणि एक बटण वेगळं,
पहाटे चारला मी एकटी चहा करते त्याचं,
एकच दिवा, गॅसवरचा.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली.
डावीकडची फुली थुंकी लावून पुसली, नीट पुसली गेली नाही,
उजवीकडं नवी मारली, खाली बाण,
आणि बाणाखाली, विटेवर, मोठ्या अक्षरात:
काकू डावऱ्या.

सोमवारी गिलावा आहे.