उशी

रात्रीचे दोन. गड्डीगोदामच्या पुलावरून
मालगाडी जाते, मांडणीवरची भांडी थरथरतात.
कूलरमध्ये ही चौथी बादली.
खस भिजते, हवा काही ऐकत नाही.

टेबलावर शांतवनचा एमआरआय,
बँकेचं पत्र, एस्तेरच्या फीचा तगादा.
प्रार्थनेला बसते
आणि देवासमोर हिशेबच करत राहते,
आमेनच्या जागी बेरीज.

मग ती होडी आठवते.
संडे स्कूलमध्ये सालोमीबाई सांगायच्या
तेव्हा मला नुसतं वादळ दिसायचं
आणि उठून त्याला दटावणारा तो.

आज दिसली उशी.
कुणा कोळ्यानं घरून आणलेली असेल,
मासळीचा वास मारणारी.
होडीत पाणी शिरत होतं
आणि तो खरंच झोपला होता,
दिवसभर माणसांनी ओढलेल्या माणसासारखा.

मी नाही उठवलं त्याला.
म्हटलं, असू दे, तूही दमलास.

दिवा मालवला. कागद तिथेच.
पारा उद्याही सेहेचाळीस.
शांतवनच्या उशीची एक कड मोकळी होती,
तिथं डोकं टेकलं.

कूलर ठिबकत होता, फरशी ओली होत होती.
पुसायला उठायचं होतं मला,
पण झोप लागली.