सतरा नंबरचा झेंडा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, सुक्या मिरच्यांच्या माळांमागे
आग्नेलचं दुकान: घड्याळं, रेडिओ, लोक विकून गेलेल्या वस्तू.
त्यानं काचेवर दोन जीपीएस ठेवले.
एक नवा, आरशासारखा, बोटानं सरकणारा.
दुसरा पिवळा, जाडा, कडेला पाच बटणं,
अंगठा टेकतो तिथलं रबर झिजलेलं.

"ओल्या बोटाक हें वळखना," नव्याकडे हनुवटी करून तो म्हणाला,
"आनी रानांत चार्ज खंय करतलो? माट्टीच्या झाडाक?"
पिवळ्यात दोन पेन्सिल सेल. कुठल्याही गाड्यावर मिळणारे.
मी वीजखात्यातला, हातमोजे घालून खांबावर चढणारा.
बटणाशी माझं जमतं.
घासाघीस केली. घेतला.

रात्री वाळपईला, जेवणं आटोपल्यावर पाठचं झाकण काढलं,
गंजाचा हिरवा दाणा ब्लेडनं खरवडला,
नवे सेल घातले.
आत कुणीतरी राहत होतं.

सत्तावीस जागा, आधीच्या मालकानं न पुसलेल्या.
रोमी अक्षरांतली कोंकणी: घर. बांय. होडें.
एक नुसतंच 'दांत', म्हणजे दंतवैद्य असावा.
आणि सतरा. नाव नाही. झेंडा फक्त,
सुर्लच्या खाली, म्हादईच्या रानात,
जिथं नकाशा हिरवा होतो आणि गप्प बसतो.

डिसेंबरातला रविवार. बरोबर मेव्हणा शांबा.
वनखात्याच्या चौकीवर नावं लिहिली,
मग उघड्यावर यंत्र तळहातावर धरून उभा राहिलो,
पंगतीला माणसं मोजावीत तसे उपग्रह मोजत:
तीन. चार. बराच वेळ चारच. सात.
"बसली पंगत?" शांबानं विचारलं.

बाण म्हणाला सरळ. सरळ म्हणजे दरी.
त्याला कावळ्याची वाट ठाऊक, आम्हाला गव्यांची.
निघताना एक किलोमीटर चारशे,
तासभर चालल्यावर एक किलोमीटर सहाशे.
शांबा खाली बसून हसला.

एक खोड तेव्हाच कळली त्याची:
चालत असलो की बाण शहाणा.
पाणी प्यायला थांबलो
की देवचारानं झपाटल्यासारखा गरगरतो.
उभ्या माणसाचं तोंड कुठं आहे
हे त्याला सांगता येत नाही.

मग किंदळ दाटले, वेताची जाळी आली,
साताचे तीन झाले, तिनाचं काहीच नाही.
पडद्यावर आम्ही एका ठिपक्यात गोठलो,
पाय मात्र चालत होते,
सॉक्सला कुसळं, शांबाच्या मानेला लाल मुंग्या.
मी कुठल्या कुठल्या देवांची नावं घेतली ते सांगत नाही.

ओढा ओलांडल्यावर एक काळी कातळ,
बाजूला कधीचं आडवं झालेलं झाड, वर आभाळाला पडलेलं भोक.
हातात टुक्क वाजलं.
सतरा. चार मीटर.

शोधलं आम्ही. एखादा देव असेल, झर असेल,
पुरलेलं काही असेल, असं शांबाला वाटत होतं.
पाचोळा उलटला, कातळाखाली काठी घातली.
एक खेकडा निघाला, रागावून आत गेला.
बाकी ऊन.

बूड टेकलं आणि पडद्याकडे पाहिलं:
नऊ उपग्रह.
तो पण ओढ्यापलीकडूनच आला असणार,
तासभर कुठंच नसलेला,
आणि इथं आकडे परतल्याबरोबर अंगठा दाबला असणार.
नाव काय द्यायचं होतं त्यानं त्याला?

उंडे काढले, कालची भाजी.
मीही दाबलं. अठ्ठावीस. यंत्रानं नाव विचारलं.
बटणानं एकेक अक्षर फिरवत बसलो, 'श'पर्यंत गेलो,
रिकामंच ठेवलं.
दोन झेंडे एकमेकांवर चढले,
कुठला कुणाचा ते मोठं केल्याशिवाय कळेना.

शांबानं भाजीचा डबा पालथा करून झटकला.
"सेल आसात मू?"
दोन काड्या होत्या.
"मागीर परतीचें बटण दाम. काळोख जातलो."